बाई, तुम्हाला आम्ही हखामनिश करणार होतो

बाई,

तुमचा फ्लेक्स लागलाय. शनिवार पेठेत, तुमच्याच बिल्डिंगच्या कोपऱ्यावर, विजेच्या खांबाला, आणि इतका खाली की उंच माणसाला मान वाकवूनच जावं लागतं. म्हणजे श्रद्धांजली सक्तीची. वर गणपती. मधे तुम्ही, कुठल्या तरी लग्नाच्या फोटोतून कापून काढलेल्या. खांद्यावर कुणाचा तरी हात तसाच राहून गेलाय. खाली हात जोडून तुमचा भाचा संजय, तुमच्यापेक्षा मोठ्या आकारात. आणि त्याच्याही खाली 'शोकाकुल' म्हणून रांगेनं जी तोंडं आहेत, त्यांतलं एकही तुमच्या दारात मी कधी पाहिलेलं नाही. सगळे शोकाकुल हसताहेत.

परवानगी क्रमांक नाही. मी पाहिलं. रडत रडत पाहिलं, पण पाहिलं.

तुम्ही असतात तर नुसती मांडणी बघितली असतीत. वर देव, मधे मोठा माणूस, खाली रांगेत छोटी माणसं. 'अडीच हजार वर्षांत एवढीच प्रगती,' असं म्हणून पिशवी दुसऱ्या हातात घेऊन पुढे निघाला असतात.

मजकूर असा: 'थोर इतिहासकार, स्वच्छ पुणे चळवळीच्या आद्य प्रवर्तक, आमचे प्रेरणास्थान कमलआत्या.' आद्य! तुमच्यासाठी! 'आद्य' हा शब्द दिसला की चष्मा आणि लाल पेन शोधणाऱ्या बाईसाठी! माझा संताप संताप झाला. मी संतापातच जगते हे तुम्हाला ठाऊक आहे. फक्त तुम्ही गेलात याचा संताप कुणावर काढायचा ते ठरेना, म्हणून हे लिहायला बसलेय. तुमच्यावरच काढते.

आपली ओळखही फ्लेक्सनंच करून दिली होती. आम्ही चौघांनी तेव्हा नुकतीच संस्था काढली होती, फुटपाथ चालणाऱ्यांना परत मिळावेत म्हणून. पहिलं काम काय केलं? 'अनधिकृत फ्लेक्स हटवा' असा भलामोठा फ्लेक्स छापून घेतला आणि मंडईकडे जाणाऱ्या वळणावर बांधला. परवानगी न घेता. यात काही चुकतंय असं चौघांतल्या एकालाही वाटलं नाही. चौघंही पदवीधर. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडईबाहेर टेबल टाकून आम्ही पत्रकं वाटत होतो, तर तुम्ही आलात. एका हातात भाजीची पिशवी, काखेत गुंडाळी, कपाळावर टेंगूळ. गुंडाळी टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात,

"तुमच्या मागणीप्रमाणे हटवला. पोच द्या."

मंदार म्हणाला, "काकू, हा आमचाच आहे."

"वाचलं ना मी. डोकं आपटल्यावर जवळून वाचता आलं."

आम्ही माफी मागायच्या ऐवजी तुम्हाला पत्रक दिलं. कार्यकर्त्यांना दुसरं काही देता येत नाही. तुम्ही तिथंच उभ्या राहून वाचलंत. "शेकडो वर्षांपासून पुणेकरांच्या हक्काचे फुटपाथ," तुम्ही मोठ्यानं वाचलंत. "शेकडो वर्षांपूर्वी फुटपाथ होते? कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "ते... जोर यावा म्हणून."

"जोर यावा म्हणून," तुम्ही म्हणालात. "बरं. हे लिहिलंय कुणी?"

"मी. रेणुका."

"कुठली तू?"

"वर्ध्याकडची. इथं शिकायला आली, आता हेच काम करून राहिली."

"करून राहिली! छान. रविवारी घरी ये. टाइप करता येतं का?"

हे सगळं टेंगूळ दाबत दाबत. त्या दिवसापासून आपला सौदा ठरला. मी तुमचं पुस्तक टाइप करायचं, तुम्ही माझी पत्रकं तपासायची. मला वाटलं, एखादं शिवकालाबिलाबद्दलचं पुस्तक असेल. निघाले इराणचे राजे. तेही पहिले! ज्यांच्याबद्दल कुणालाच धड काही माहीत नाही असे! मी तुम्हाला पहिल्याच रविवारी स्पष्ट विचारलं होतं, मंडईत कांदा काय भावानं मिळतो हा प्रश्न सोडून तुमच्यासारख्या हडपसरपलीकडच्या गावातल्या शेतकऱ्याच्या मुलीनं इराणच्या राजांवर आयुष्य का घालवावं? तुम्ही म्हणालात, "कांद्याचा भाव तुला मंडईत कुणीही सांगेल." आणि मटारची टोपली माझ्यापुढे सरकवलीत. टाइप करताना माझे हात रिकामे असतात असा तुमचा समज का होता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

तुमच्या पुस्तकाला दुसरं प्रकरण होतं, तिसरं होतं, पाचवं अर्धं होतं. पहिलं नव्हतं. मी विचारलं, हे काय? तर म्हणालात, "सुरुवात कुणापासून करायची ते ठरत नाही."

आणि मग तुम्ही ती गोष्ट सांगितलीत, जी मी तेव्हापासून रोज कुणाला ना कुणाला सांगते. पोलीस चौकीत बसवून ठेवलं होतं तेव्हा तिथल्या हवालदारालाही सांगितली. इंग्रजी पुस्तकांतला सायरस, म्हणजे कुरुश. त्यानं बाबिलोन जिंकलं, तेव्हा मातीच्या एका नळ्यावर त्याची ओळख लिहिली गेली. बाप, आजोबा, पणजोबा, सगळे अंशानचे राजे. पणजोबाचं नाव चिश्पिश. तिथं तो थांबतो. मग काही वर्षांनी गादीवर येतो डरायस, म्हणजे दारयवहू. कुरुशचा मुलगा नाही, नातू नाही, लांबच्या शाखेतला, निदान तो तरी तसं म्हणतो. आणि तो बेहिस्तूनच्या कड्यावर कोरतो की चिश्पिशचा बाप हखामनिश, म्हणून आम्ही सगळे हखामनी, आमच्या घराण्यात माझ्याआधी आठ राजे झाले, मी नववा.

"म्हणजे कुरुशनं स्वतःच्या खापरपणजोबाचं नाव घेतलं नाही, आणि या मागून आलेल्याला ते ठाऊक होतं?" मी मटार सोडून उभीच राहिले.

"बस. पुढे ऐक. हा राजा झाला तेव्हा याचा बाप जिवंत होता. आजोबाही."

"आणि राजा हा?"

"राजा हा."

"बाई! दोघांचं तिकीट कापलं!"

तुम्ही इतक्या हसलात की मटार जमिनीवर. मग मला त्या कड्याचं चित्र दाखवलंत. दारयवहू मोठा, एक पाय शत्रूच्या छातीवर. समोर हात बांधलेल्या बंडखोरांची रांग, सगळे त्याच्यापेक्षा बुटके. वर अधांतरी देव. आणि हे सगळं इतक्या उंचावर की खालून जाणाऱ्याला एक अक्षर वाचता येऊ नये.

"मग कोरलं कशाला?" मी विचारलं.

"अगं, फ्लेक्स वाचायला नसतो. बघायला असतो. वाचण्यासाठी त्यानं मजकुराच्या नकला राज्यभर पाठवल्या."

"पत्रकं!"

"पत्रकं. आणि त्यात बजावलंय की पुढे हे वाचणाऱ्यानं खोटं समजू नये. तुझा पूर्वज शोभतो."

तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते मिटायच्या आत तुम्ही गेलात. माझं म्हणणं सरळ होतं. दारयवहू खोटारडा. गादी हडपली, मग ती शोभावी म्हणून वरती एक पूर्वज बसवला. पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य हेच लिहा आणि मोकळ्या व्हा! तुम्ही म्हणायचात, "कुरुशनं नाव घेतलं नाही. एवढंच आपल्याला ठाऊक आहे. एवढंच लिही."

"पण बाई, उघड आहे!"

"तुझ्या खापरपणजोबाचं नाव काय?"

मी बोटांवर मोजत गेले आणि पणजोबांपाशीच अडकले.

"म्हणजे तो नव्हता?"

असा अन्याय! आजवर एकाही अधिकाऱ्यानं मला इतक्या कमी शब्दांत गप्प केलेलं नाही.

माझी पत्रकंही तुम्ही अशीच सोलून काढायचात. 'हजारो नागरिक संतप्त' असं लिहिलं की समासात लाल अक्षरात: 'तुझ्यासकट किती?' 'प्रशासनाला जाग कधी येणार' असं लिहिलं की: 'झोपलेत हे पाहिलंस का? मला ते जागे वाटतात.' पहिले सहा महिने मला तुमचा राग यायचा. मग एकदा मार्केट यार्डातल्या हमालांच्या वस्तीजवळ आम्ही पत्रक वाटलं, त्यातले सगळे 'हजारो' तुम्ही काढून टाकलेले होते, आणि एक म्हातारा ते शेवटपर्यंत वाचून म्हणाला, "पोरी, हे खरं हाय." एवढंच. मला आजवर कुणी यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र दिलेलं नाही. हे मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही विचारलं असतंत, 'एकानंच ना?'

संजय आला तो रविवारही मला विसरता येत नाही. आंब्याची बर्फी घेऊन आला होता. मी कोपऱ्यात टाइप करत होते. मला त्यानं फर्निचर समजून सोडून दिलं.

"आत्या, तू हिस्टरीतली. निवडणुकीसाठी पुस्तिका काढतोय. आपल्या घराण्याचं चार ओळी लिहून दे की. एखादा सरदार, एखादी इनामाची सनद..."

"तुझे पणजोबा मंडईत मेथी विकायचे," तुम्ही म्हणालात. "पहाटे बैलगाडी घेऊन निघायचे. त्यांच्या जुडीत माती कमी असायची. एवढं लिही."

"आत्या, मेथीवर मतं मिळतात का? सगळ्यांकडं असतोय एखादा सरदार."

"मग आपल्याकडं नसू दे. ती बर्फी घेऊन जा."

तो बर्फी ठेवून गेला. जिन्यात चपलांचा आवाज काढत, म्हणजे तुम्हाला ऐकू जावा म्हणून. मी टाळ्याच वाजवणार होते. बाईंनी काय उडवला! पण तुम्ही खिडकीतून तो गाडीत बसेपर्यंत बघत राहिलात. आणि एरवी तुमची भाषा अशी इस्त्रीची, पण मन हललं की गाव बाहेर यायचं, म्हणालात, "हसू नको त्याला. पोरगं वाईट न्हाय. जमीन गेली, गाव शहरात गेलं, नकाशात नुसता वॉर्डाचा नंबर उरला. त्याला कुणीतरी पूर्वज पाहिजे हाय."

मला ते पटलं नाही. अजूनही सगळं पटलेलं नाही. बर्फी मात्र आपण दोघींनी संपवली.

आणि शेवटचा रविवार. त्यावर लिहायचं टाळत होते, पण तुम्ही 'टाळलेला भाग कुठाय?' असं विचारणाऱ्यांतल्या. मी पुन्हा दारयवहूवर घसरले होते. तुम्ही म्हणालात, तो गादीवर आला तेव्हा चहूकडे बंडं पेटली होती, बापजाद्यांचं नाव घेतल्याशिवाय त्याचं कुणी ऐकलं नसतं, आणि पुढे त्यानं राज्य सावरलं, लांबलांबचे रस्ते बांधले, हेही खरंच आहे.

"म्हणजे रस्त्यासाठी खोटं बोललेलं चालतं?"

"मी चालतं म्हटलं नाही. मी म्हटलं, कळतं."

"मला नाही कळत! तुम्ही प्रोफेसर लोक सगळ्यांना समजून घेता, म्हणून या देशात काही बदलत नाही!"

केवढी मोठी ओळ! पत्रकात असती तर तुम्ही लाल केली असतीत. पण तुम्ही नुसतं म्हणालात, "जाताना मटार घेऊन जा. सोललेले आहेत."

मी नेले नाहीत. बुधवारी सकाळी तुमच्या शेजारणीचा फोन आला. दूध दारातच होतं म्हणाली.

मटार फ्रीजमध्ये असणार, एवढंच कितीतरी वेळ डोक्यात येत राहिलं. माणूस असं विचित्र दुःख करतं. हे कुठल्या फ्लेक्सवर बसत नाही.

आता मुद्द्यावर येते. मुद्दा तुम्हाला आवडणार नाही, आणि मग आवडेल.

फ्लेक्स लागला त्याच संध्याकाळी आमची बैठक झाली. मंदार आमच्यातला थंड डोक्याचा, म्हणून सर्वांत धोकादायक. तो म्हणाला, "संजयनं बाईंना आद्य प्रवर्तक करून टाकलंय. आपण गप्प बसलो तर निवडणुकीपर्यंत बाई त्याच्या. रविवारी शोकसभा आहे, आपलं पत्रक निघतंच आहे. त्यात बाईंना आपली संस्थापिका म्हणू."

"त्या सभासदसुद्धा नव्हत्या. वर्गणी मागितली तर म्हणाल्या, 'आधी तुमचं व्याकरण भरा.'"

"आपली प्रत्येक ओळ कुणी तपासली? मग संस्थापिका म्हटलं तर असं किती खोटं आहे? आणि मंगळवारी वॉर्ड ऑफिसात त्या फुटपाथची सुनावणी आहे. तिथले अधिकारी बाईंचे विद्यार्थी. 'बाईंची संस्था' म्हटलं की आत घेतात. 'चार पोरं' म्हटलं की पुढच्या आठवड्यात या. तुला फुटपाथ पाहिजे की नको?"

पाहिजे होता, बाई! तुमच्या बिल्डिंगपासून मंडईपर्यंतचा तो फुटपाथ, ज्याच्यावरून तुम्ही कधी चालूच शकला नाहीत. आधी विजेची पेटी, मग बिल्डरचा खडीचा ढीग, मग दुचाक्यांची रांग. तुम्ही पिशवी घेऊन बसच्या चाकाशेजारून चालायचात आणि मी मागून ओरडायचे. तो फुटपाथ मला तुमच्यासाठी पाहिजे होता. आता तुमच्या नावानं मिळत असेल तर एक शब्द, फक्त एकच शब्द वाढवायला काय जातं?

मी टाइप केलं. 'आमच्या संस्थापिका कमलबाई.'

काय सुंदर दिसत होतं ते! भाड्याच्या खोलीत बसलेल्या चार बिनपगारी पोरांच्या मागे एकदम घराणं उभं राहिलं. पाठ टेकायला भिंत मिळाली. आम्हाला कुणी 'तुम्ही कोण?' म्हणून विचारायची सोयच उरली नाही. आणि त्याच क्षणी, बाई, मला दारयवहू कळला. पुरता कळला. चहूकडे विरोधक, पाठीवर कुणाचाच हात नाही, आणि वरती फक्त एक नाव कोरलं की सगळं उभं राहतंय. त्याला ते खोटं वाटलंच नसेल. मलाही वाटत नव्हतं. खोटं बोलताना इतकं सात्त्विक वाटतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं! तुम्ही सांगत होतात, मी ओरडत होते.

कळला. पण चालला नाही. ह्या दोन शब्दांच्या मधे केवढी जागा आहे ती मला तिथं बसून दिसली. हे तुम्हाला येऊन सांगण्यासारखं होतं, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच रविवारी सांगायला काहीतरी तपासलेलं होतं.

मी ती ओळ खोडली. लिहिलं: 'कमलबाई आमच्या संस्थापक नव्हत्या.'

मंदारनं वाचलं. "तू वेडी आहेस," म्हणाला, आणि झेरॉक्स काढायला गेला. आमच्या संस्थेत मतभेद असेच मिटतात.

शोकसभा तुमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये झाली. स्कूटर भिंतीला लावून मधे प्लॅस्टिकच्या खुर्च्या, तुमच्या फोटोला हार, आणि मागे कुणाची तरी गाडी मधेच रिव्हर्सचं गाणं वाजवत बाहेर निघाली. संजय बोलला. आत्यांच्या रक्तातच नेतृत्व होतं म्हणाला, पुण्यातली चळवळ त्यांच्यापासून सुरू होते म्हणाला. मग मला बोलावलं. तुमचे जुने विद्यार्थी पुढच्या रांगेत, पांढऱ्या केसांचे, पेन काढून बसल्यासारखे. मी वाचलं.

"कमलबाई आमच्या संस्थापक नव्हत्या. सभासदही नव्हत्या. आमच्या एकाही मोर्चात त्या आल्या नाहीत. ऊन फार असतं म्हणायच्या. आमचा पहिला फ्लेक्स त्यांनी कापला, कारण तो त्यांच्या कपाळाला लागला. आमच्या पत्रकांतले हजारो संतप्त नागरिक त्यांनी एकेक करून घरी पाठवले. त्या राजांवर लिहायच्या, पण त्यांचे आजोबा मंडईत मेथी विकायचे आणि त्यांच्या जुडीत माती कमी असायची."

पहिलं कोण हसलं माहीत नाही. मग सगळं पार्किंग हसलं. शोकसभेत असं हसू मी कधी ऐकलेलं नाही. बायका पदरानं डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या. एक आजोबा शेजारच्याला मोठ्यानं म्हणाले, "माझ्या प्रबंधातले तर तिनं सगळे राजेच घरी पाठवले होते!" तुम्ही इतक्या लोकांची वाक्यं कापली आहेत, बाई, आणि त्यातला एकही जण रागावलेला दिसला नाही. मला वाटायचं, हा मान फक्त माझा आहे. थोडं वाईट वाटलं. पुष्कळ बरं वाटलं.

संजय सभा संपल्यावर आला. मी भांडायच्या तयारीत.

"ते मेथीचं कुठं ऐकलंस?"

"त्यांनी तुम्हाला सांगितलं तेव्हा मी कोपऱ्यात टाइप करत होते."

"तू होतीस व्हय तिथं?" त्यानं मान खाजवली. "आमची आजी पण तेच सांगायची. माती कमी असायची म्हणून लोक त्यांच्याच गाडीवर यायचे." आणि हसला. खरा, फ्लेक्सवरचा नाही.

मी म्हटलं, "फ्लेक्स काढा."

"तेराव्यानंतर काढतो."

"आज काढा."

"तेराव्यानंतर, ताई. लोकं बोलतील."

तो अजून आहे. रोज सकाळी तुमच्या कपाळाला माझं कपाळ लागतं. तेरावा होऊ दे, मग बघते त्याच्याकडे.

तुमचं पुस्तक माझ्याकडे आहे. तुमच्या विद्यार्थ्यांनी छापायचं ठरवलंय. एकानं सुचवलं, पहिलं प्रकरण कुणीतरी लिहून टाकू. मी नको म्हटलं. दुसऱ्या प्रकरणापासून सुरू होऊ दे. आधीची पानं कोरी, आणि खाली एक ओळ: इथून पुढचं ठाऊक आहे. आम्ही भांडलो, आणि यावेळी मी जिंकले. तुम्ही नव्हतात म्हणून असेल.

सभेतून जाताना वॉर्ड ऑफिसातले ते अधिकारी माझ्याजवळ थांबले. "बाईंची संस्था नाही तर मग कुणाची?"

"आमची."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, तुमच्या फोटोकडे बघितलं. "बरं. मंगळवारी अकराला या. रांग असते."

रांग असते! मी 'हो' म्हटलं असतं तर रांग नसती, हे त्यांनाही ठाऊक, मलाही. मंदार माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

आज मंगळवार. तिथूनच आलेय. रांग होती. आमच्या मागून आलेले साहेबांची माणसं म्हणून आत गेले, त्यांच्या मागून आलेले साहेबांच्या माणसांची माणसं म्हणून. मी दोनदा ओरडले. दुसऱ्यांदा मंदारही माझ्याबरोबर ओरडला, तेव्हा आमचा अबोला सुटला. शेवटी आमचा नंबर आला. टेबलामागचे कारकून मान खाली घालून विचारत होते आणि लिहीत होते.

"संस्था?"

सांगितली.

"संस्थापक?"

एरवी इथं मंदार 'जनता' म्हणतो. आज त्यानं मला पुढे केलं.

"रेणुका," मी म्हटलं. "मी. आणि आणखी तिघं."

"तुमच्या आधी कोण होतं?"

"आधी कुणी नव्हतं."

त्यांनी मान वर केली. मला वाटलं, आता म्हणणार, पुढच्या आठवड्यात या. त्यांनी समोरच्या खुर्चीवरची फाइल उचलून बाजूला ठेवली.

"बसा," म्हणाले. "काय म्हणणं आहे ते सांगा."

मी बसले, बाई.